प्लॅस्टिकांचा उच्च कंप्रता वितळजोड : उगम व विकास

काही प्लॅस्टिके उच्च कंप्रतेच्या (दर सेकंदास होणाऱ्या आवर्तनांची संख्या मोठी असलेल्या) प्रत्यावर्ती, म्हणजे सतत दिशा बदलणाऱ्या, विद्युत् क्षेत्रात ठेवली असता त्यांच्या अंतर्भागात उष्णता निर्माण होते. या उष्णतेने मऊ झालेले दोन थर परस्परांवर दाबून व दाबाखालीच थंड होऊ देऊन एकजीव करण्याच्या क्रियेस उच्च कंप्रता वितळजोड म्हणतात. तीत सुई, दोरा, डिंक वा ज्योत यांपैकी काहीही लागत नाही. पावसाळी कोट, कागदपत्रांची वेष्टने, हवा भरून फुगविण्याच्या वस्तू, ताडपत्र्या आणि रक्तसंचयाच्या पिशव्या यांचे सांधे मुख्यत्वे या पद्धतीने करण्यात येतात. ज्या गुणधर्मामुळे ही पद्धत शक्य होते तो विद्युत् निरोधक पदार्थांचा एक दोष समजला जात असे व आजही विद्युत् अभियंते तो टाळण्याचाच प्रयत्न करतात. या दोषाचे साधन कसे झाले व त्या साधनाला कोणत्या मर्यादा पडल्या, हा या पद्धतीच्या इतिहासाचा गाभा होय.

तत्त्व : दोन धातूंच्या पट्ट्यांमध्ये निरोधक पदार्थ ठेवल्यास धारित्र तयार होते. आदर्श निरोधक विद्युत् क्षेत्रातील ऊर्जा साठवितो व क्षेत्र उलटताच ती जशीच्या तशी परत करतो. प्रत्यक्षातील निरोधक मात्र तिचा काही अंश उष्णतेच्या रूपाने गमावतो. ज्या पदार्थाच्या रेणूंची एक बाजू किंचित धन व दुसरी किंचित ऋण असते, म्हणजे जे रेणू ध्रुवीय असतात, त्यांत हा व्यय अधिक असतो. क्षेत्राची दिशा बदलली की असे रेणू किंवा त्यांचे भाग नव्या दिशेने वळू पाहतात. परंतु शेजारच्या रेणूंच्या अडथळ्यामुळे ते मागे पडतात आणि या अंतर्गत घर्षणासारख्या क्रियेतून उष्णता उत्पन्न होते. दर एकक घनफळात निर्माण होणारी उष्णता ही कंप्रता, क्षेत्राच्या तीव्रतेचा वर्ग व पदार्थाचा व्यय-गुणक या तिन्हींच्या सम प्रमाणात असते. क्षेत्राची तीव्रता फार वाढविल्यास पदार्थातून ठिणगी जाऊन भोक पडते. म्हणून उष्णता वाढविण्यासाठी कंप्रता वाढविणे हा मार्ग पतकरावा लागतो.

पॉलिव्हिनिल क्लोराइड (पीव्हीसी) या बहुवारिकाच्या साखळीत क्लोरिनाचे अणू असल्यामुळे ते ध्रुवीय आहे. मऊपणा आणणारी द्रव्ये, म्हणजे प्लॅस्टिकीकारके, मिसळलेल्या पीव्हीसीचा व्यय-गुणक पॉलिएथिलिनाच्या शेकडो पट असतो. पॉलिएथिलीन, पॉलिप्रोपिलीन, पॉलिस्टायरीन व पॉलिटेट्राफ्ल्युओरोएथिलीन ही प्लॅस्टिके विजेच्या दृष्टीने अत्युत्तम निरोधक आहेत आणि नेमक्या त्याच कारणाने ती या पद्धतीने जोडता येत नाहीत.

पूर्वपीठिका : उच्च कंप्रतेच्या प्रवाहापासून मिळणाऱ्या उष्णतेचा पहिला उपयोग वैद्यकात झाला. फ्रेंच शरीरक्रियावैज्ञानिक झाक आर्सेन दार्सोंव्हाल (१८५१–१९४०) यांनी १८९० च्या सुमारास असे दाखवून दिले की, प्रवाहाची कंप्रता पुरेशी वाढविली म्हणजे स्नायूंचे आकुंचन होत नाही, ऊब मात्र जाणवते. यातूनच पुढे ऊतकांना आतून शेक देण्याची उपचारपद्धती निघाली. अमेरिकेतील ली डी फॉरेस्ट (१८७३–१९६१) यांनी १९०६ मध्ये ट्रायोड निर्वात नलिका शोधून काढली व तिच्यातून विकसित झालेल्या शक्तिशाली नलिकांमुळे ठरावीक कंप्रतेची ऊर्जा अखंडपणे निर्माण करणे शक्य झाले. १९३० च्या सुमारास जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या संशोधनशाळेचे प्रमुख विलिस रॉडनी व्हिटनी (१८६८–१९५८) यांच्या असे लक्षात आले की, लघुतरंग प्रेषकांजवळ काम करणाऱ्यांच्या शरीराचे तापमान वाढते. त्यांनी या निरीक्षणाच्या आधारे कृत्रिम ज्वर उत्पन्न करणारे वैद्यकीय उपकरण तयार करविले. यंत्राजवळच्या माणसाचे शरीर तापते ही गोष्ट त्या वेळी उपयोगाची वाटली. पुढे कारखान्यांत तीच चिंतेचा विषय झाली.

जोडावयाच्या पदार्थाचा इतिहास याहून जुना आहे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंरी व्हीक्तॉर रेन्यो (१८१०–७८) यांनी १८३५ मध्ये व्हिनिल क्लोराइड तयार केले व जर्मन शास्त्रज्ञ ऑइगेन बाउमान (१८४६–९६) यांनी १८७२ मध्ये त्यापासून बनलेल्या पांढऱ्या घन पदार्थाचे वर्णन केले. फ्रिट्स क्लाटे (१८८०–१९३४) यांनी १९१२ मध्ये जर्मनीत त्याच्या निर्मितीच्या पेटंटसाठी अर्ज केला. तथापि हा पदार्थ ठिसूळ होता व तापविताना त्याचे अपघटन होऊन हायड्रोक्लोरिक अम्लाची वाफ बाहेर पडे. त्यामुळे त्याला गिऱ्हाईक मिळाले नाही. अमेरिकेतील ॲक्रन येथील बी. एफ. गुडरिच कंपनीत काम करणारे वॉल्डो लॉन्सबरी सेमन (१८९८–१९९९) हे धातूवर रबर चिकटविण्यासाठी योग्य द्रव्य शोधीत असताना १९२६ मध्ये त्यांनी पीव्हीसी उच्च उत्कलनबिंदू असलेल्या द्रवांत तापविले. त्यांना चिकट द्रव्य मिळाले नाही. परंतु रबरासारखा लवचिक व पाणी न शिरू देणारा पदार्थ हाती आला. त्यापासून पातळ तक्ते काढता येऊ लागले आणि कापडावर त्याचा लेपही देता येऊ लागला.

युद्धकाळ : दुसऱ्या महायुद्धात मलाया व डच ईस्ट इंडीज हे प्रदेश १९४२ मध्ये जपानच्या ताब्यात गेल्यावर दोस्त राष्ट्रांना नैसर्गिक रबराची तीव्र टंचाई भासू लागली. अमेरिकी सैन्याच्या पावसाळी कोटांसाठी रबराऐवजी व्हिनिल रेझिनांचा लेप दिलेले कापड वापरण्यात येऊ लागले. कापड जलाभेद्य असले, तरी शिवणीचा प्रश्न शिल्लक होता. सुईच्या प्रत्येक टोच्यागणिक एक भोक पडते व अशा भोकांच्या ओळीतून पाणी आत झिरपते. शिवाय पातळ प्लॅस्टिक टपाल तिकिटाच्या छिद्रांप्रमाणे त्या ओळीवरच फाटते. डिंकाने जोडल्यास विद्रावक उडून जाईपर्यंत थांबावे लागते. तापलेल्या सळईने जोडू गेल्यास उष्णता बाहेरून आत जाते. म्हणून जिथे सांधा व्हावयाचा तो आतला पृष्ठभाग पुरेसा तापण्यापूर्वीच बाहेरचा पृष्ठभाग वितळून सळईला चिकटतो.

याच काळात रेडिओ उद्योग विद्युत् अपारक तापनाचा, म्हणजे निरोधकाला आतून तापविण्याच्या पद्धतीचा, औद्योगिक वापर करू लागला होता. प्लायवुड व विमानांचे लाकडी भाग यांतील सरस लवकर पक्का करणे आणि साच्यात घालण्यापूर्वी प्लॅस्टिकांची भुकटी तापविणे ही कामे या रीतीने होत. रेडिओ कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका या कंपनीतील सिरिल एन. हॉयलर यांनी १९४३ मध्ये ‘इलेक्ट्रॉनीय शिलाई यंत्रा’चे वर्णन प्रसिद्ध केले. या यंत्रात सुईच्या जागी लहान फिरती चाके होती. ती विद्युत् अग्रांचे काम करीत व त्यांमधून सरकणारे प्लॅस्टिकाचे दोन थर उच्च कंप्रतेच्या क्षेत्राने जोडले जात.

या यंत्राचे महत्त्व उष्णतेच्या वाटणीत होते. उष्णता प्लॅस्टिकाच्या सर्व जाडीत एकाच वेळी निर्माण होते. पण धातूची अग्रे स्वतः थंड राहत असल्याने बाहेरचे पृष्ठभाग आपली उष्णता त्यांना देतात. परिणामी सर्वाधिक तापमान दोन थर जिथे एकमेकांना भिडतात तिथेच येते. सळईने जोडताना जी अडचण येत होती ती अशा रीतीने उलटून सोयीची झाली. फिरत्या चाकांत मात्र एक उणीव होती : चाक पुढे सरकताच सांध्यावरील दाब निघून जातो व तो दाबाखाली थंड होऊ शकत नाही. यामुळे पुढील काळात शिलाई यंत्राचा घाट मागे पडून दाबयंत्र हेच या पद्धतीचे मुख्य साधन ठरले.

यंत्राची रचना : दाबयंत्राचे दोन प्रमुख भाग असतात. पहिल्या भागात विजेच्या सामान्य पुरवठ्याचा दाब वाढवून व तो एकदिश करून ट्रायोड नलिकेच्या आंदोलकाला दिला जातो. दुसऱ्या भागात भूसंपर्कित सपाट पाट व त्यावर खाली-वर होणारे अग्र असते. या अग्राला सांध्याच्या आकाराची पितळी पट्टी बसवितात. कामगार प्लॅस्टिकाचे थर पाटावर मांडतो, पट्टी खाली येऊन ते दाबते, काही सेकंद ऊर्जा दिली जाते आणि ती बंद झाल्यावरही सांधा गोठेपर्यंत दाब कायम ठेवतात. पट्टीच्या कडेला धार ठेवल्यास जोडणे व कापणे एकाच वेळी होते आणि भोवतालचा टाकाऊ भाग हाताने फाडून काढता येतो. पाट व प्लॅस्टिक यांमध्ये निरोधक कागदाचा किंवा तत्सम पदार्थाचा पातळ थर घालतात. त्यामुळे उष्णता वाया जात नाही व ठिणगी पडण्याची शक्यता कमी होते. ठिणगी पडलीच, तर प्लॅस्टिकाला भोक पडते, पट्टीवर खड्डा पडतो आणि ती दुरुस्त होईपर्यंत पुढचा प्रत्येक सांधा सदोष निघतो. म्हणून ठिणगीची चाहूल लागताच प्रवाह तोडणारी मंडले यंत्रांत बसविण्यात आली.

कंप्रतेची निश्चिती : वितळजोडाचे यंत्र हे एका अर्थी रेडिओ प्रेषकच असते. प्लॅस्टिक तापून मऊ होते व दाबले जाते तसे अग्रांमधील अंतर आणि धारित्राचे मूल्य बदलते. त्याबरोबर साध्या आंदोलकाची कंप्रताही सरकते. अशी यंत्रे वाढू लागताच रेडिओ संदेशवहनात व्यत्यय येऊ लागला. अटलांटिक सिटी येथे १९४७ मध्ये भरलेल्या आंतरराष्ट्रीय दूरसंदेशवहन परिषदेत औद्योगिक, वैज्ञानिक व वैद्यकीय उपकरणांसाठी काही कंप्रतापट्टे राखून ठेवण्यात आले. त्यांपैकी २७·१२ मेगॅहर्ट्‌झ ही कंप्रता प्लॅस्टिकांच्या वितळजोडासाठी सर्वत्र रूढ झाली. या कंप्रतेत दर सेकंदाला २ कोटी ७१ लाख २० हजार आवर्तने होतात व तिची तरंगलांबी सु. ११ मी. असते. तिच्या दोन्ही बाजूंस ०·६ टक्के विचलनाची मुभा असल्यामुळे भाराबरोबर बदलणाऱ्या आंदोलकांना ती सोयीची पडते. कंप्रता याहून बरीच वाढविल्यास उष्णता लवकर निर्माण होते. पण तरंगलांबी आखूड होऊन लांब पट्टीवरील विद्युत् दाब सर्वत्र सारखा राहत नाही व सांधा कुठे कच्चा तर कुठे करपलेला निघतो.

प्रसार : युद्धानंतर पीव्हीसीचे तक्ते मुबलक व स्वस्त झाले आणि त्यांबरोबर ही यंत्रे यूरोप, अमेरिका व जपान येथे पसरली. पावसाळी कोट, स्नानगृहाचे पडदे, हातपिशव्या, पोहण्याच्या वळ्या, मोटारगाडीच्या दारांची आतली आवरणे व कागदपत्रांची कवचे अशा वस्तूंचे उत्पादन त्यांवर होऊ लागले. मिलान येथील जोनातान दे पास, दोनातो दुर्बीनो व पाओलो लोमात्सी या वास्तुकारांनी कार्ला स्कोलारी यांच्यासह १९६७ मध्ये झानोट्टा या संस्थेसाठी आखलेली ‘ब्लो’ ही पारदर्शक खुर्ची म्हणजे केवळ हवा व वितळजोडाचे सांधे यांवर उभी असलेली वस्तू होती. भारतात १९६० नंतरच्या दशकात मुंबई-ठाणे परिसरात पीव्हीसीचे उत्पादन होऊ लागले. मुंबई व कोकणातील दीर्घ पावसाळ्यामुळे प्लॅस्टिकाच्या पावसाळी कोटांना कायमची मागणी होती. त्यांचे सांधे, तसेच वह्यांची व पारपत्रांची आवरणे या यंत्रांवर बनू लागली.

याच काळात पॉलिएथिलीन हे त्याहून स्वस्त प्लॅस्टिक बांधणीच्या क्षेत्रात पुढे आले. ते ध्रुवीय नसल्याने त्याच्यासाठी तापलेल्या पट्टीने वा क्षणभर तापणाऱ्या तारेने जोडण्याच्या पद्धती वापराव्या लागल्या. घरोघरी येणारी दुधाची पिशवी व रुग्णालयातील रक्ताची पिशवी या वरवर सारख्या दिसत असल्या, तरी त्यांचे सांधे भिन्न तत्त्वांनी केलेले असतात.

रक्ताची पिशवी : या पद्धतीची खरी कसोटी रक्तसंचयात लागली. रक्त पूर्वी काचेच्या बाटल्यांत साठवीत. बाटली फुटे, तिच्या रबरी बुचातून व हवेच्या नळीतून जंतू आत शिरण्याचा धोका असे आणि रक्त देताना बाटलीतील हवा रुग्णाच्या रक्तवाहिनीत जाऊन प्राणावर बेतण्याचा संभव असे. बॉस्टन येथील शस्त्रक्रियातज्ञ कार्ल वॉल्डेमार वॉल्टर (१९०५–९२) व विल्यम पॅरी मर्फी, धाकटे (१९२३–२०२३) यांनी लवचिक पीव्हीसीची पिशवी विकसित करून १९५० मध्ये तिची माहिती प्रसिद्ध केली. कोरियातील युद्धात तिची उपयुक्तता दिसून आली. पिशवी रिकामी होत जाईल तशी ती चपटी होते. त्यामुळे तीत हवा सोडावी लागत नाही.

अशा पिशव्यांच्या कारखानी उत्पादनात पीव्हीसीच्या दोन थरांमध्ये नळ्यांची तोंडे धरून भोवतालचा सांधा उच्च कंप्रता वितळजोडाने करतात. एकमेकींना नळ्यांनी जोडलेल्या अनेक पिशव्यांचा संच एकदा निर्जंतुक केला म्हणजे रक्त घेणे, केंद्रोत्सारक यंत्रात फिरवून तांबड्या कोशिका, रक्तद्रव व बिंबाणू वेगळे करणे आणि ते आपापल्या पिशव्यांत भरणे या सर्व क्रिया बाहेरच्या हवेचा संपर्क न येता करता येतात. एका रक्तदानाचा लाभ अनेक रुग्णांना देणे यामुळे शक्य झाले. सांध्यावर मात्र मोठी जबाबदारी येते. त्याला निर्जंतुकीकरणाच्या वाफेची उष्णता, केंद्रोत्सारक यंत्रातील गुरुत्वाच्या हजारो पट प्रेरणा व रक्तद्रव गोठविताना येणारी थंडी सहन करावी लागते. पावसाळी कोटाच्या सांध्यात डोळ्यांना न दिसणारे छिद्र राहिल्यास खांदा भिजतो. तेच छिद्र रक्ताच्या पिशवीत राहिल्यास जंतुसंसर्गाने रुग्ण दगावू शकतो.

रक्त घेतल्यानंतर दात्याकडील नळी बंद करण्यासाठीही हेच तत्त्व वापरतात. पूर्वी नळीला गाठ मारीत किंवा धातूची चाप बसवीत. आता हातात धरण्याजोग्या उपकरणाच्या दोन अग्रांमध्ये नळी दाबली की एकदोन सेकंदांत तिच्या भिंती एकजीव होतात व जोडाच्या मध्यावर ती तोडता येते. भारतात तिरुअनंतपुरम् येथील श्री चित्रा तिरुनाळ वैद्यकीय विज्ञान व तंत्रविद्या संस्थेने रक्तपिशवीचे तंत्र विकसित केले आणि १९८० नंतरच्या दशकात देशात तिचे व्यापारी उत्पादन सुरू झाले.

कामगारांची सुरक्षितता : उघड्या अग्रांभोवती पसरणारे क्षेत्र यंत्रासमोर बसलेल्या कामगाराच्या शरीरातही ऊर्जा सोडते. जमिनीशी विद्युत् संपर्क असलेले मानवी शरीर २७·१२ मेगॅहर्ट्‌झच्या जवळपासच्या कंप्रतांची ऊर्जा विशेषत्वाने शोषून घेते. चालू अग्राला स्पर्श झाल्यास खोलवर भाजते आणि वरच्या त्वचेवरून इजेची कल्पना येत नाही. अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षितता व आरोग्य यांविषयीच्या दोन शासकीय संस्थांनी डिसेंबर १९७९ मध्ये संयुक्त पत्रक काढून अशा यंत्रांपासून संभवणाऱ्या धोक्यांकडे लक्ष वेधले व अग्रांभोवती धातूचे कवच बसविणे, भूसंपर्क नीट राखणे आणि कामगार व अग्र यांतील अंतर वाढविणे हे उपाय सुचविले. आयन-निर्मिती न करणाऱ्या प्रारणांविषयीच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने १९९८ मध्ये १० ते ४०० मेगॅहर्ट्‌झ या पट्ट्यातील क्षेत्रासाठी कामगारांच्या बाबतीत दर मीटरला ६१ व्होल्ट हा निर्देशक स्तर ठरविला. कवच बसविले की माल मांडण्यास व काढण्यास थोडा अधिक वेळ लागतो. नगावर मजुरी असलेल्या लहान कारखान्यांत याच कारणाने ते काढून ठेवण्याचा मोह होतो.

सद्यःस्थिती : पीव्हीसीला मऊ करणाऱ्या द्रव्यांपैकी डाय-२-एथिलहेक्झिल थॅलेट हे पिशवीतून रक्तात उतरते, हे १९७० च्या सुमारास दिसून आले. प्रजननसंस्थेवरील संभाव्य परिणामांमुळे त्याच्यावर निर्बंध येत गेले. यूरोपीय संघाने वैद्यकीय साधनांतील त्याच्या वापरासाठी १ जुलै २०३० ही मुदत ठेवली आहे. अडचण अशी की, हेच द्रव्य तांबड्या कोशिकांच्या आवरणाला स्थैर्य देते व त्यामुळे साठविलेले रक्त अधिक दिवस टिकते. पर्यायी प्लॅस्टिकीकारके वापरलेले पीव्हीसी, पॉलियुरेथेन आणि पुरेसे व्हिनिल ॲसिटेट असलेले एथिलीन-व्हिनिल ॲसिटेट हे ध्रुवीय पदार्थ असल्यामुळे जुन्याच यंत्रांवर जोडता येतात. पॉलिओलेफिन वर्गातील प्लॅस्टिकांकडे वळावयाचे झाल्यास सांधण्याची पद्धतच बदलावी लागते. म्हणून रक्तपिशवीसाठी नवा पदार्थ निवडताना तो रक्ताला मानवतो की नाही या प्रश्नाबरोबर त्याचा सांधा कसा करावयाचा, हा प्रश्नही सोडवावा लागतो.